स्वस्तातला नर

कापड उचललं तेव्हा उंदीर सापाच्या पाठीवर बसून खात होता.

साप म्हणजे नातीनं आणलेला नर. बॉल पायथन म्हणतात त्याला. आफ्रिकेतला बुटका अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. तसाच गोळा होऊन तो पडला होता आणि उंदीर त्याला वरून कुरतडत होता. पाठीवर तीन ठिकाणी खवले गेले होते. एका ठिकाणी आत पांढरं दिसत होतं. ते हाड होतं.

मी पोळीचा चिमटा आणला, उंदराला शेपटीला धरून उचलून बादलीत टाकलं, वर ताट ठेवलं आणि ताटावर तांदळाचा डबा. घरात मी एकटी. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मला गाडी चालवता येत नाही आणि डॉक्टरला फोन करण्याइतकं इंग्रजी येत नाही. हात हळदीच्या डब्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. सकाळपासून स्वतःच्या अकलेनं केलं होतं तेवढं पुरे होतं.

मुलाच्या ऑफिसचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला होता. "घरी ये, लगेच," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. वीस मिनिटांत तो आला, बुटांसकट जिना चढून वर.

"आई, छातीत दुखतंय का?"

"मला काही झालेलं नाही. सापाला उंदरानं खाल्लं."

"सापानं उंदराला खाल्लं. त्यासाठीच आणतात तो."

"उलटं. ये, बघ."

तो हसणार होता. पेटीत बघितल्यावर हसला नाही.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मिशिगनमध्ये ट्रॉयला मुलाचं घर आहे, तिथं मी राहायला आले होते. नात सोळा वर्षांची. तिच्याकडे एक मादी होती, लहानपणापासून पाळलेली, आता चांगली भरलेली. नातीला तिची अंडी हवी होती. सून म्हणाली, "नर आणायचा तर स्वतःच्या पैशानं." मग पोरीनं वर्षभर शेजाऱ्यांची मुलं सांभाळली.

साधा तपकिरी नर तिला कधीही मिळाला असता, पण साध्याची पिल्लं कोणी घेत नाही. पिवळ्या रंगाचा नर घेतला तर निम्मी पिल्लं पिवळी निघतात, असं तिचं गणित होतं. पिवळ्याची किंमत मात्र जुन्या गाडीएवढी.

शेजारच्या गावात एका हॉलमध्ये रविवारी सापांचं प्रदर्शन भरायचं. मुलगा म्हणाला, "स्थळ बघायला आजी पाहिजेच," म्हणून मीही गेले. टेबलांवर प्लॅस्टिकचे डबे, डब्यांत साप. तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या टेबलावर एक पिवळा नर होता, हडकुळा, इतरांच्या पाव किमतीत. विकणारा दाढीवाला प्रामाणिक होता. हा फक्त जिवंत उंदीर खातो, आणि तोही मनात आलं तर, असं त्यानं आधीच सांगितलं.

नात म्हणाली, "आजी, नको. खात नाही हा बिग प्रॉब्लेम आहे."

माझे वडील शेळ्या पाळत. बोकड विकत घेताना ते आधी नाक बघत, मग डोळे, मग शेपटीखाली. रंग सगळ्यांत शेवटी. मी तिला तेच क्रमानं बघायला लावलं. नाकाला बुडबुडे नव्हते. खवल्यांत गोचीड नव्हते. तोंडात चिकटपणा नव्हता. त्याला माझ्या मनगटावर ठेवलं तर त्यानं घट्ट विळखा घातला.

"रोग नाही, खोड आहे," मी म्हटलं. "खोड मोडते. घे."

तिनं घेतला. वर्षभराचे पैसे तिनं माझ्या शब्दावर दिले.

नवीन जनावर दोन-तीन महिने वेगळं ठेवायचं, म्हणजे त्याचं दुखणं मादीला लागत नाही. मादी नातीच्या खोलीत, म्हणून नराची पेटी माझ्या खोलीत आली.

"आई, तुम्हाला झोप लागेल का त्याच्याजवळ?" सुनेनं विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांच्या घोरण्यात चाळीस वर्षं झोपले. हा तर आवाजही करत नाही."

तो खाईना. दर शनिवारी उंदीर आत सोडायचा आणि आम्ही चौघं पेटीभोवती जमायचो. तो गोळा व्हायचा. पंधरा मिनिटं झाली की नात उंदीर बाहेर काढायची. तिनं मला दोनदा बजावलं होतं, "उंदीर आत असताना आपण तिथंच बसायचं. एकटं सोडायचं नाही." सात शनिवार असे गेले. रविवारी ती त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि आकडा लिहायची. आकडा उतरतच होता. सकाळी डोळे उघडले की मला आधी त्याचा कणा दिसायचा, कातडीखालून वर आलेला. मी त्याच्याकडे बघत पडून राहायची. माझ्या शब्दावर आणलेला होता.

माझ्या मनानं घेतलं की ही नजर आहे. आमच्याकडे मूल जेवेनासं झालं की त्याच्या ताटाकडे कोणी बघत नसे. आई त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि वर पदर धरायची. इथं तर चार माणसं भोवती उभी राहून बघत होती. कोण खाईल?

आठव्या शनिवारी नातीला परीक्षा होती, म्हणून त्या आठवड्यात शुक्रवारचं ठरलं आणि उंदीर आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. नात शाळेतून आल्यावर तो देणार होती. सगळे गेल्यावर मी तो पेटीत सोडला, झाकण लावलं, वरून माझं जुनं पातळ चारी बाजूंनी टाकलं आणि खाली जाऊन मेथी निवडत बसले. झाकलं म्हणजे मधे उचलून बघायचं नाही, नाहीतर झाकण्यात काय अर्थ? मधे एकदा वर गेले तेव्हा आतून खसखस ऐकू आली. खातोय, असं वाटून मला बरं वाटलं. दीड तास मी त्याला खाऊ दिलं. खात होता तो उंदीर.

मुलगा आम्हा दोघांना जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती. तिनं जखमा धुतल्या, इंजेक्शन दिलं, मलम दिलं. पेटीतला भुसा काढून कागद घाला म्हणाली. तीन आठवड्यांत सडलं नाही तर वाचेल, पण हा आधीच खंगलाय, मी शब्द देत नाही, असंही म्हणाली. पातळ का टाकलं होतं, असं तिनं विचारलं. मुलानं नजर म्हणजे काय ते तिला समजावायला बराच वेळ घेतला. ती म्हणाली, झाकलं ते बरोबर, हा बुजरा आहे. उंदीर मात्र मेलेला आणि कोमट हवा होता.

निम्मं बरोबर होतं हे ऐकून मला काही बरं वाटलं नाही. सापाच्या पाठीला त्याचा उपयोग नव्हता. बिल सापाच्या किमतीच्या वर गेलं.

नात आली तेव्हा मी दारातच सांगितलं. "मी उंदीर घातला, मी झाकलं, मी बघितलं नाही."

"आजी, आय टोल्ड यू. फिफ्टीन मिनिट्स."

"सांगितलं होतंस."

ती पेटीजवळ जाऊन बसली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी समजूत घालायला गेले नाही. ती बरोबर होती.

दर तीन दिवसांनी घरी इंजेक्शन द्यायचं होतं. पहिल्या वेळी सुनेनं साप धरला आणि ती रडायला लागली. पुढच्या वेळी नातीनं जिन्यातून हाक मारली, "आजी, धर." मी मानेमागे एक हात, मधे एक हात असं धरलं. तिनं टोचलं. रोज सकाळी मी वाकून जखमेचा वास घ्यायची. सडलेल्याचा वास मला कळतो. पहिला आठवडा वास नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एक कड काळी पडली, तेव्हा मला दोन दिवस अन्न गेलं नाही. मग ती काळी खपली गळली, खाली गुलाबी होतं.

दीड महिन्यानं त्यानं कात टाकली. नातीनं मेलेला उंदीर गरम पाण्यात कोमट करून पेटीत ठेवला. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी तेच पातळ दिलं. दोघी दाराबाहेर जिन्यात बसलो. ती घड्याळ बघत होती, मी बघत नव्हते. तासानं तिनं कापडाचं टोक उचललं. उंदीर नव्हता.

"तूच खाल्ला नाहीस ना, आजी?" ती म्हणाली.

थंडीत त्याला मादीजवळ सोडलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिनं सहा अंडी घातली. दोन अंड्यांतली पिल्लं आतच मेली.

नर जगला, पाठीवर तीन पांढरे डाग घेऊन. मादी जगली. चार पिल्लं जगली, त्यांतली दोन पिवळी. बादलीतला उंदीर मुलानं दुकानात परत दिला, त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही.