शुद्ध सारंग तिचा होता

परीक्षेच्या दिवशी अकरा वाजायच्या आत मी तीनदा बाथरूमला जाऊन आले होते. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं हे लिहू नये, पण पुढचं सगळं ज्या भीतीपोटी झालं ती भीती कशी होती, ते आधी सांगायला हवं. घरी, सोसायटीच्या गणपतीत मी बिनधास्त गायचे. विद्यापीठात एम.ए. संगीताला प्रवेश घेतला आणि परीक्षकासमोर बसायची वेळ आली की अंगातलं गाणंच निघून जायचं.

वर्गात माझ्या जवळची अशी एकच मुलगी होती. तेवीस वर्षांची, भिवापूरकडची. तिचे वडील भीमगीतांच्या मंडळात ढोलकी वाजवायचे. मला ती ताई म्हणायची. दुपारच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत आम्ही दोघी रियाज करायचो. म्हणजे ती करायची, मी वही घेऊन बसायचे.

बंदिश सगळ्यांना एकच शिकवतात. ती फुलवायची कशी, आलाप कुठून उचलायचा, तान कुठे सोडायची, हे मात्र ज्याचं त्याला सुचावं लागतं. खरे गुण त्याचेच. मला सुचायचं नाही. तिला सुचायचं. शुद्ध सारंगात तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर येताना ती किंचित थबकायची, आणि ऐकणाऱ्याचा श्वासही तिथे अडायचा. तिची तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, तर कुणाच्याच घराण्यातली नव्हती. दोन मात्रांच्या मधल्या फटीतून उठायची, आता चुकली असं वाटायचं, आणि बरोबर समेवर बसायची.

"बाबाच्या ढोलकीतून चोरली, ताई," असं म्हणून हसायची.

मी तिचं सगळं स्वरलिपीत उतरवायचे. तिच्या फोनमध्ये जागा नसायची, म्हणून माझ्या फोनवर रेकॉर्डही करायचो.

"एवढं लिहून काहून राहिल्या? तुम्ही भीमपलास गाणार ना?"

"असू दे. मला तुझ्यासारखं सुचतं कुठे?"

"भेव सोडा, सुचते. तुम्ही तर अशा बसता जशी नर्स सुई घेऊन उभी आहे."

आमचं ठरलं होतं. यादीतले दहाही राग तयार ठेवायचे, पण पहिली पसंती विचारली तर मी भीमपलास सांगायचा, तिनं शुद्ध सारंग.

माझं नाव आधी पुकारलं. आत बाहेरगावच्या परीक्षक बाई, आमचे सर आणि साथीला तबलेवाले. मी भीमपलास म्हणाले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून चौथा भीमपलास. दुसरं काही?"

बाकी नऊ राग होते. खरं सांगते, त्या क्षणी एकाचाही आरोह आठवत नव्हता. डोळ्यांसमोर फक्त माझ्या वहीची पानं होती, आणि त्या पानांवर जे होतं ते तिचं होतं. "शुद्ध सारंग," मी म्हणाले.

गळा आपोआप चालला. थबकणं तिथेच, तान तिथेच. तिहाई बसली तेव्हा तबलेवाल्यांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "वा. विचार आहे तुमच्या गाण्यात." मला केवढं हायसं वाटलं. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

आमच्याकडे पद्धत अशी की ज्याचं गाऊन झालं, त्यानं पुढच्याच्या मागे तंबोऱ्यावर बसायचं. पुढची तीच होती. दार बंद होतं, दाराशी कूलर घरघरत होता, तिला बाहेर काही ऐकू आलं नव्हतं. माझ्याकडे पाहून हसली, बसली, शुद्ध सारंग सांगितला. मी तिच्या पाठीमागे तारा छेडत होते आणि तिची वेणी बघत होते. ती थबकण्याच्या जागेकडे निघाली. देवा, आज हिला दुसरं काही सुचू दे, असं मी मनात म्हणत होते. पण परीक्षेसाठी तिनं मांडणी पक्की केली होती. तिहाईनंतर बाईंनी हात वर केला.

"हे आत्ताच ऐकलं आम्ही. ताईंनी शिकवलं का तुला?"

"नाही मॅडम. माझं आहे."

"घरी गाणं आहे?"

"वडील भीमगीतांच्या मंडळात ढोलकी वाजवतात."

"हं. गळा मोकळा आहे, त्या वळणाचा. पण ही मांडणी तालमीतली आहे, बाळ. पाठ केलेलं गाऊ नये."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायचं होतं, तिचंच आहे. बैठकीत तंबोऱ्यावाल्यानं बोलायचं नसतं, हा नियम मला नेमका तेव्हा आठवला. बोटं चालू ठेवली आणि खाली बघितलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही सारंग गायल्या?"

"त्यांनीच मागितला."

"आन् तिहाई?"

"तिहाया काय, सगळ्यांच्या सारख्याच असतात."

"हो का," ती म्हणाली. बॅग उचलून बसस्टँडला गेली.

घरी येऊन मी तिची सगळी रेकॉर्डिंगं पुसली. प्रत्येकावर तारीख होती, परीक्षेच्या महिनाभर आधीची. पुसलेलं परत आणता येतं असं मुलगा म्हणायचा, म्हणून फोनच्या ट्रॅशमधूनही काढली. मला प्रथम श्रेणी मिळाली. तिला प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला लागतात तेवढे टक्के मिळाले नाहीत. पुढचे आठ महिने अनोळखी नंबर वाजला की मी फोन उलटा ठेवायचे.

मागच्या आठवड्यात खाप्याला गेले. तिथल्या शाळेत ती तासिकेवर शिकवते. सुट्टीत, नळाजवळच्या बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. मी रडले. ती नाही.

"रेकॉर्डिंग आहे?"

"पुसलं."

तिनं उठून गळका नळ घट्ट केला. "मी विभागात अर्ज केला होता, ताई. पुरावा आणा म्हणे. तुम्हाले तीनदा फोन केला त्या वक्ती. बाबाच्या नंबरवरून."

तिन्ही वेळा मी फोन उलटा ठेवला होता.

"आता लिहून द्या."

"माझी डिग्री जाईल गं."

"जाईन डिग्री," ती म्हणाली, आणि हजेरीच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडून पेनासकट माझ्यापुढे ठेवलं. "तिहाईचं पहिले लिहा. कुठून उठते ते पण लिहा, नाही तर त्याइले समजणार नाही."

लिहिलं. दोनदा अक्षर बिघडलं. तिनं वाचलं, एक मात्रा चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, मग सही घेतली. "तुम्ही येता, का मी एकटीच जाऊ?"

येते म्हणाले. सोमवारी विभागात जायचं आहे. घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.