नागपूरचं गाऱ्हाणं

संद्या नागपूरला नव्हता.

दोन वर्षं झाली, नव्हता. छत्तीसगडच्या जंगलात होता. हे वाडीत फक्त मला माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसलो होतो.

परवा सकाळी तो गेला. लिहिलंय खरं, पण अजून डोक्यात शिरत नाहीय.

संदेश, आमच्या मालगुंडजवळच्या वाडीतला. बालवाडीपासून माझ्या बाजूला बसलेला. फोर्समध्ये भरती झाला तेव्हा आधी खरंच नागपूरला पोस्टिंग होतं. स्टोअरमध्ये बूट आणि ब्लँकेट वाटायचं काम. त्याची आई, आमची काकी, एकदम खूश.

मग ट्रान्सफर झाली. ते त्याने घरी सांगितलंच नाही.

मला म्हणाला, "आईला बीपी आहे. कळलं तर टीव्हीसमोरून उठायची नाय ती. तू सांभाळून घे."

मी सांभाळून घेतलं. गाढवासारखं.

जंगलात रेंज नसायची. चार-चार दिवस फोन लागला नाही की काकी मला फोन करायची. रत्नागिरीत मांडवीला माझं गॅरेज आहे. ग्रीसच्या हाताने फोन धरून मी थापा मारायचो, की स्टोअरचं ऑडिट चालू आहे, फोन बाहेर ठेवायला लावतात. हा शहाणा रजेवर येताना नागपूर स्टेशनवर उतरून संत्रा बर्फीचे बॉक्स घ्यायचा. अख्ख्या वाडीने खाल्ली ती बर्फी.

मला वाटायचं, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. तोच सांगायचा ना, की आता संपत आलंय, रोज कोणी ना कोणी सरेंडर होतंय. संद्याच्या तुकडीकडे रस्ते साफ करायचं काम होतं, नक्षलवाद्यांनी पूर्वी पुरून ठेवलेले बॉम्ब शोधून काढायचं. सरेंडर झालेला एक माणूस, आपल्या बापाच्या वयाचा, यांच्याबरोबर फिरून जागा दाखवायचा. स्वतःच पुरलेल्या. दुपारी एकत्र जेवायचे म्हणे. मला ऐकूनच कसंतरी झालं होतं.

परवाचा बॉम्ब त्या माणसालाही माहीत नव्हता. दुसऱ्याच कोणीतरी कधीतरी पुरलेला.

यंदा शिमग्याला संद्या रजेवर होता.

पालखी त्यांच्या अंगणात आली. काकीने ओटी भरली. आमच्याकडे पालखीपुढे गुरव प्रत्येक घरासाठी गाऱ्हाणं घालतात. घरचं माणूस परगावी असेल तर त्या गावाचं नाव घेऊन. म्हणजे देव तिकडे जाऊन राखण करतो. काकीने गुरवांच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं.

"ह्या घरचा पोर संदेश, नागपूर मुक्कामी चाकरीला हाय. तिथं त्याच्या मागंपुढं उभा रहा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी ओरडली.

मी पण ओरडलो. पालखीचा दांडा माझ्याच खांद्यावर होता.

संद्या हात जोडून खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला झापला. म्हटलं, देवाला तरी खरं सांगायचं होतंस मेल्या. हसला नुसता. म्हणाला, "देवाला काय पत्ता लागतो होय?"

परवा सकाळी सातला त्याचा मेसेज आला. "दोन दिवस रेंज नाही. आईला ऑडिट सांग."

मी अंगठा पाठवला.

दुपारी सरपंचांचा फोन. त्यांना वरून कळलं होतं, पण घरी जाऊन सांगायला कोणी धजत नव्हतं. मी बाइक काढली. रस्ता कसा संपला आठवत नाही.

काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. आत टीव्ही चालू होता. पदराने डोळे पुसत होती. वाटलं, हिला कळलंय.

मला बघून म्हणाली, "ऐकलंस काय रे? तिकडं जंगलात स्फोट झाला. गेलेल्या पोराचं नाव पण संदेशच. आपल्या रत्नागिरीचाच म्हणतात. त्याच्या आईचं काय झालं असेल रे? आमचा नागपूरला हाय म्हणून बरं."

ती कुठल्यातरी दुसऱ्या आईसाठी रडत होती.

मी तिथेच खाली बसलो. म्हटलं, "काकी, तो आपलाच."

ती मलाच समजवायला लागली. नागपूर कुठे, ते जंगल कुठे, तुझा काहीतरी घोटाळा झालाय, पाणी पी आधी. मग मी सगळं सांगितलं. ट्रान्सफर, थापा, बर्फी, सगळं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

मला वाटलं, शिव्या घालेल. मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

तिने एक आमसूल उचललं, उलटं करून परत ठेवलं. मग एवढंच म्हणाली,

"म्हणजे आमी देवाला नागपूरला धाडला. आणि माझा पोर तिकडं एकटाच होता."

मी देवबिव फारसं मानत नाही. देव सगळीकडे असतो वगैरे म्हणता आलं असतं. पण मी उठून आतला टीव्ही बंद केला.



कालपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा वर्दीतला फोटो आहे. अमर रहे लिहिताय. लिहा, बरोबरच आहे. मला फक्त तो अंगठा दिसतोय.

आज दुपारी तो घरी येतोय. काकी मला खांदा द्यायला ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही.

मी जातोय. तिच्यासमोर उभा राहणार आहे. ती काय बोलेल ते ऐकणार आहे.

संद्या, तू सांगितलेलं काम मी नीट केलं रे. तेच चुकलं.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात चालत नाही. नुसतीच श्रद्धांजली, मित्रा.