मनूबीचं स्टिअरिंग सुटल्यावर

स्फाक्स ते गाबेस या दोन शहरांमधल्या रस्त्यावर मनूबीने उभी हयात शेअर टॅक्सी चालवली. डोक्यातली गाठ जमेल तेवढी काढून, वर रेडिएशन घेऊन तो घरी आला तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, "अल्लाची कृपा, सुटलास." गाठ वाढायची थांबली होती हे खरंच. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, फिट येऊ शकते, गाडी चालवायची नाही.

बाकीचं कुणाला दिसत नव्हतं. दुपार झाली की अंगातलं बळ ओसरून तो आडवा व्हायचा. चमचा मागायला जावं तर तोंडातून 'किल्ली' हा शब्द निघायचा. नातवंडांचा गलबला सोसवेना. तो खेकसायचा, मग स्वतःच खोलीत जाऊन बसायचा.

जुना सोबती खमैस त्याला टॅक्सी स्टँडवर घेऊन गेला. "नुसत्या हाका मार. गाबेस, गाबेस. तेवढं जमेल की."

सुरुवातीला जमलं. मग एका सकाळी तो गाबेसच्या गाडीपाशी उभा राहून "गाफ्सा, गाफ्सा" ओरडत राहिला. गाफ्साला लेकीकडे निघालेली एक म्हातारी त्या गाडीत बसली. गाडी सुटता सुटता घोटाळा कळला. ड्रायव्हर हसले; म्हातारी मात्र मुकाट्याने बोचकं घेऊन उतरली. मनूबी पुन्हा स्टँडवर गेला नाही.

"घरची गाडी दारात गंजतेय," बायको दलिंदा म्हणाली. "मला शिकव."

"या वयात?"

"मग ऑलिव्ह काढायला मळ्यात कोण नेणार? तुझा खमैस?"

शिकवताना तो फार चिडायचा. 'ब्रेक' हा शब्द आठवेना की समोरच्या डॅशबोर्डवर हात आपटायचा. एकदा तिने इंजिनच बंद केलं.

"माझ्यावर ओरडतोयस की तुझ्या डोक्यावर?"

त्याने हात मांडीवर घेतला. "डोक्यावर."

"मग त्याला ओरड. मी इथे गाडी शिकतेय."

दुसऱ्या खेपेला तिला लायसन्स मिळालं.

थंडीच्या तोंडाशी दोघं मळ्यात गेले. दुपारी झाडाखाली फळं झेलायला अंथरलेल्या जाळीवरच मनूबीला झोप लागली. उठला तर पोती गाडीत चढलेली.

"हाक तरी मारायचीस."

"कशाला? चालवणार मीच आहे."

परतताना तिने एका ट्रकला मागे टाकलं. मनूबीचा पाय आपल्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला, मग सैल झाला.

"इतकं घासून नसतं काढायचं," तो म्हणाला. "पण बरं काढलंस."