दोन चाँद

मेंदूच्या देठात रक्तस्राव झाला आणि माझा डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा झाला. प्रत्येक गोष्ट दोन-दोन दिसू लागली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "नस मेलेली नाही, दबलीय. रक्त जिरलं की डोळा हळूहळू वळेल." तोवर डोळा झाकायला पट्टी दिली. 'धीर धर' म्हणणाऱ्यांचा मला तेव्हा भारी राग यायचा.

रमजानचा चाँद बघायला आम्ही औशातल्या घराच्या गच्चीवर जमलो. लहानपणापासून चाँद सगळ्यांच्या आधी मलाच दिसायचा. मी घाईघाईनं पट्टी काढली आणि ओरडलो, "दिसला!" सगळे माझ्या बोटाच्या दिशेनं शोधत राहिले. तिथं काहीच नव्हतं. दोन चाँदांपैकी खोट्याकडं मी बोट दाखवलं होतं.

"तुझी गवाही या खेपेला चालायची न्हाई," अब्बा हसत म्हणाले. चाँद दिसला की धाकट्यांनी थोरांना सलाम करायचा, ही आमच्या घरची रीत. मी तोही न करता तणतणत खाली उतरलो.

महिना सरला. ईदच्या चाँदाला मी वर जाणारच नव्हतो. अब्बांनीच हाताला धरून नेलं. पट्टी काढून मी मावळतीकडं पाहिलं.

"दिसला," मी हळूच म्हणालो.

अब्बांनी आभाळाकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघत विचारलं, "किती?"

"एकच."

तेवढ्यावर त्यांनी जिन्यातून अम्मीला हाक दिली, "शिरखुर्म्याची तयारी कर, उद्या ईद हाय!"