भट्टीतल्या अक्षता

आमच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या पुढच्या काचा वाकवतात. त्या भट्टीवर कोंडीराम असला की आम्हाला शिंकायचीसुद्धा चोरी. काचेवर कण पडेल म्हणून कपाळाला गंध लावून आलेल्याला तो आधी तोंड धुवायला पिटाळतो. मी त्याला तोंडावर ‘सोवळं’ म्हणतो. तो चिडत नाही, याचीच मला चीड येते.

खंडेनवमीला घरच्यांना कारखाना दाखवायची आमच्याकडे रीत आहे. यंदा कोंडीरामची बायको सारजाबाई पूजेचं ताट घेऊन आली. नव्या गाडीच्या काचांचा पहिला लॉट त्याच सकाळी निघायचा होता. तो नीट निघाला की कोंडीराम भट्टीचा प्रमुख, असं आमच्या मॅनेजर दिव्या मॅडमनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. त्या जागेची त्याने कित्येक वर्षं वाट पाहिली होती. बोलून दाखवायचा नाही, पण त्या दिवशी शर्टाला कडक इस्त्री होती.

भट्टीच्या झरोक्यातून सारजाबाईने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. सपाट काच, कुणी हात न लावता, आपल्याच वजनाने साच्यात खाली बसत होती.

“अवो, इतळली की ही!”

“इतळली न्हाई, मऊ पडली,” कोंडीराम म्हणाला. “बर्फात कण कसं, वळीनं बसल्यात. समद्यांची पकड सारखीच, म्हणून समदी एकदम सुटत्यात आन् पाणी हुतं. काचंत ते जत्रंतल्या गर्दीवाणी, कसंबी. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. धग लागली की सैल हाय ते आदी सुटत्यात, घट्ट मागनं. म्हणून काच हळूहळू मऊ पडत जाती.”

“म्हंजी गुळाच्या पाकाचं उलटं.”

“व्हय,” म्हणत तो भट्टीचं तापमान बघायला वळला.

भट्टीत काचा जोडीने जातात, एकीवर एक. खालची काच पट्ट्यावर येऊन थांबली होती. नव्या कामाची सुरुवात, म्हणून सारजाबाईने हात जोडले आणि पेरणीआधी पाभरीवर टाकतात तशा तिच्यावर चिमूटभर अक्षता टाकल्या. यंत्राने वरची काच आणून ठेवली आणि जोडी आत गेली.

हे मला मागाहून कळलं. मी पलीकडच्या तोंडाशी होतो. जोडी बाहेर आली आणि मी ओरडलोच. देवीचे व्रण उठलेल्या तोंडासारखी काच! तांदूळ जळून गेले होते, पण मऊ पडलेल्या काचेने दाण्यादाण्याचा आकार उचलला होता आणि गार होताना तसाच धरून ठेवला होता. गाडीच्या कंपनीचे पाहुणे समोरच उभे. दिव्या मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणी केलं हे?”

कोंडीराम धावत आला. काचेवर वाकला, मग बायकोच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं.

“मीच टाकल्या अक्षता, मॅडम.”

मी हादरलो. गंध पुसायला लावणारा हा माणूस? काही केल्या पटेना. तेवढ्यात सारजाबाई पुढे आली.

“बाईसाहेब, कोंडीराम खोटं बोलत्यात. म्या टाकल्या.”

पाहुणे परप्रांतातले, त्यांना काय कळणार! पण आम्ही आजूबाजूच्या गावांतले. या बाईने लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती ते मुलाकडून वदवायची. माझ्या अंगावर सरकन काटा आला.

“पण भट्टीजवळ कुणाला येऊ द्यायचं ते तुमच्याकडे होतं ना, कोंडीराम?” मॅडम हळूच म्हणाल्या. जागा दुसऱ्याला गेली.

घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये मी नुसता धुमसत होतो. “इतकी वर्षं घासलीस, आणि चार दाण्यांपायी सगळं मातीत!”

त्याचं लक्षच नव्हतं. अजून तो भांबावलेलाच होता.

“जागा जाऊ दे रं,” तो म्हणाला. “तिनं माझं नाव घेतलं, समद्यांम्होरं. आईकलंस न्हवं तू?”