बुवांच्या घरची गाणारी सून

आमच्या आणि आप्पांच्या घरामधली भिंत एकच. मी काही किस्से गोळा करायला जात नाही हो, पण कान उघडे असले की ते साचतातच! लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. कलेक्टर आला, साहेबांच्या जीपा आल्या, पाऊस तेवढा आला नाही. आप्पा म्हणजे नावाजलेले गवई. पार कंधार-उदगीरहून लोक त्यांचं गाणं ऐकायला यायचे. शालन त्यांची सून, माहेरीच गाणं शिकून आलेली. मी सातवी पास, मला रागबिग कळत नाहीत. पण भिंतीपलीकडं ती गायला लागली की माझ्या हातातला झाडू थांबायचा.

*

रियाजाची वेळ आणि टँकरची वेळ एकच. घरातले पुरुष बैठकीत रियाजाला, शालन घागरी घेऊन रांगेत. टँकरची मोटर घुंऽऽ करत राहायची. एक दिवस या बाईनं त्या घुंऽऽमध्येच आपला सा लावला! घागरीवरून भांडणाऱ्या बायका गप झाल्या. टाकी रिकामी झाली तरी ड्रायव्हर मोटर बंद करेना.

मी ओरडले, "अरे बाबा, पाणी संपलं की!"

"हाव मावशी, पाणी संपलं. वैनीचं कुठं संपलंय?"

*

त्या घराची एक रीत होती. सुनेनं आप्पांच्या मागं तंबोरा घेऊन बसायचं, आप्पांचा दम कमी पडला की मागून सूर भरायचा. एकटीनं गायचं नाही. नव्या कलेक्टरसाहेबांसमोर आप्पांची बैठक झाली. ऐन रंगात त्यांना ठसका लागला आणि शालननं मागून अशी तान घेतली की सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. आप्पांनी हात जोडून टाळ्या घेतल्या!

नंतर कलेक्टरांच्या बायकोनं कौतुकानं विचारलं, "मागं गात होत्या त्या कोण?"

"आमच्या घरचा आवाज हाय," आप्पा म्हणाले.

अहो, तिनं नाव विचारलं होतं!

*

एकदा शालनचं गाणं रेडिओवर लागणार होतं. तिचं एकटीचं! परवानगी कशी मिळाली ते तिचं तिला ठाऊक. सगळी गल्ली माझ्या रेडिओभोवती. आणि नेमके त्याच वेळी आप्पांचे शिष्य अहमदपूरहून जेवायला टपकले. भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, जरा मोठा करा, मी भाकऱ्या थापून राहिले!"

मी रेडिओ उचलून तिच्या चुलीपाशीच नेला. तिचं गाणं चालू, तिचे हात पिठावर त्याच ठेक्यात. एका जागी हात थांबला. "इथं घाई केली मी," ती स्वतःशीच म्हणाली आणि ऐकतच राहिली.

तिचा नवरा, प्रभाकर, आत डोकावला. तबला वाजवायचा तो, कान एवढे तयार! म्हणाला,

"भाकरी करपली काय?"

*

शालन नांदेडला आप्पांच्या साथीला गेली, तेव्हा लेकीला, सुधाला, माझ्याकडं ठेवून गेली. पोरीला ताप भरला. रडून रडून झोपेना. मी मांडीवर घेऊन जमेल तसं गायला लागले. पोरीनं तापलेला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"काकू, गाऊ नका. नुसतं थोपटा. गाणारे आमच्या घरात लई हायत."

शालन परत आल्यावर मी हसत हसत हे सांगितलं. ती हसली नाही. पुढं नांदेडचे लोक जीप घेऊन आले, म्हणाले, "बाई, या खेपेला तुम्ही एकट्या गा, तुमचं नाव मोठं छापतो." शालन म्हणाली, "पोरगी मोठी होऊ द्या."

पोरगी मोठी झाली. तोवर जीपवाले दुसऱ्या कुणाकडं जायला लागले होते. मला वाटतं, पोरीचं ते बोलणं मी शालनला सांगायलाच नको होतं.

*

सुधाचा गळा आईवर गेला, तालीम मात्र खुद्द आप्पांची. रोज पहाटे तिचा आवाज भिंतीतून यायचा. मग औश्याचं स्थळ आलं. तेही गाणारं घर, नाव मोठं. बघायच्या कार्यक्रमाला मीही होतेच. मला बोलवावं लागत नाही! चहापोहे झाले. मुलाचे वडील मांडी सारखी करत म्हणाले, "पोरीनं एखादं पद म्हणावं. आम्हाला गाणारीच सून पाहिजे. माझा दम आता पुरंना, मागून सूर धरणारं कुणी तरी पाहिजे."

सुधानं पदर सावरला, आप्पांकडं पाहिलं.

दारात उभी असलेली शालन म्हणाली, "तिला गाता येत नाही."

प्रभाकरच्या हातातली बशी तशीच राहिली. "अगं, काय बोलून राहिलीस?" तो कुजबुजला. शालननं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहुणे गोंधळून आप्पांकडं वळले.

"बुवा, तुमच्या घरची पोर, अन् गाता येत न्हाई? खरं सांगा."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाहुण्यांपुढं हात जोडले.

"सूनबाई म्हणती ते खरं हाय. न्हाई येत तिला."