ऐंशी ग्रॅमचा हात

मालुबाईच्या हाताला कुणी नाव ठेवलं तर निपाणीत आजही चार बाया पदर खोचून भांडायला उभ्या राहतील. बत्तीस वर्षं ह्या हातानं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. दुसऱ्या बायांचे कट्टे उलगडून तपासणीस एकेक विडी चिमटीत दाबायचा, नाक मुरडायचा, मूठभर बाजूला फेकायचा. मालुबाईची पाळी आली की नुसतं म्हणायचा, "पुढं सरका."

एवढंच. 'पुढं सरका'. पण ते दोन शब्द ऐकायला ती घरनं ताठ मानेनं निघायची.

विडीचं काम आटलं तेव्हा तिनं पंचावन्नी गाठली होती. सून रूपाली म्हणाली, "आत्ती, आता बसा की घरात." बसतीय कसली! बोरगावच्या वाटेवर एका जुन्या तंबाखूच्या वखारीत पिझ्झाचा कारखाना निघालाय हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साताला ही दारात उभी. पिझ्झा म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. बघितल्यावर म्हणाली, "ह्ये व्हय! जाड भाकरी, वर टोमॅटोचं कालवण, वर चीज. मग गोठवून खोक्यात. येवढंच ना?" तेव्हापासून कारखान्यातल्या सगळ्या बाया पिझ्झाच्या बेसला भाकरीच म्हणतात. बेळगावहून आलेले मॅनेजर चिंतामणीसाहेब सुरुवातीला दुरुस्त करायचे. आता तेही कधी कधी भाकरी म्हणून जातात.

तर, चीज. किसलेलं चीज एका पिझ्झावर ऐंशी ग्रॅम पडलं पाहिजे, असा नियम. मशीन आणलं होतं, पण थंड चीजचे गोळे होऊन ते तासातासाला अडकायचं. वजनकाट्यावर घ्यावं तर तोवर निम्मं चीज घामाजायचं. मालुबाई चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी हातमोजा चढवला, मूठ भरली, टाकली, परत भरली, टाकली. सुपरवायझर युवराजनं ते चीज काढून काट्यावर ठेवलं. ऐंशी. दुसऱ्या पिझ्झाचं काढलं. ऐंशी. तिसऱ्याचं एक्क्याऐंशी.

"आक्का, तुमच्या हातात काटा हाय काय हो!" युवराज ओरडला.

"चिमटीभर तंबाखू बत्तीस वर्षं मोजलीया रं," मालुबाई म्हणाली, "मूठ मोजायला काय लागतंय?"

त्या दिवसापासून चीजचं टेबल तिचं. तीन वर्षं झाली. दोन बायांना तिनं हाताखाली शिकवलं, पण शेवटचा हात तिचाच. कारखान्यात मालुआक्काचं टेबल म्हटलं की कुणी खुर्ची ओढून बसायची हिंमत करत नाही.

आणि मग मागच्या फेब्रुवारीत पुण्याच्या खरेदीदाराकडून एक कागद आला.

हा खरेदीदार मोठा. त्याच्या दुकानांतून इथला पिझ्झा त्याच्याच खोक्यात विकला जाणार होता. त्या खोक्याच्या पाठीवर एक चौकट छापलेली: शंभर ग्रॅममध्ये ऊर्जा किती, प्रथिनं किती, चरबी किती, मीठ किती. करारात लिहिलं होतं की प्रयोगशाळेत तपासलं तर छापलेल्या आकड्यात आणि मालात दहा टक्क्यांच्या वर फरक सापडता कामा नये. पहिल्या खेपेतले सहा पिझ्झे त्यांनी तपासायला दिले. चरबी छापली होती नऊ पूर्णांक तीन ग्रॅम. निघाली दहा पूर्णांक चार. खेप तिथंच अडकली, आणि चिंतामणीसाहेब तो कागद हातात घेऊन थेट चीजच्या टेबलाशी आले.

"आक्का, चरबी वाढलीय. चरबी येते चीजमधनं. तुमचा हात सैल झालाय."

सगळ्या बायांचे हात थांबले. मालुबाईला आधी कळेचना की हे आपल्याला म्हणतायत. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हात सैल! विडीच्या कारखान्यात हे शब्द ऐकलेली बाई दुसऱ्या दिवशी तोंड लपवून यायची. तिला बत्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

"काटा आणा," ती म्हणाली.

काटा आला. तिनं दहा वेळा चीज टाकलं, युवराजनं दहा वेळा तोललं. एकोणऐंशी, ऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. शेवटच्याला तर काटा ऐंशीवर असा थांबला की युवराजला हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत.

"आत्ता सगळे बघतायत म्हणून नीट पडतंय. दिवसभरात हजार पिझ्झे होतात, कोण बघतंय? सोमवारपासून चीज मापाच्या डब्यानं घालायचं. आक्का, तुम्ही खोकी दुमडायला बसा."

माणूस वाईट नव्हता. बंगळूरहून मालकाचा फोनवर फोन येत होता, साहेबांचाही जीव टांगणीला लागला होता. पण तोंडातनं गेलेला शब्द गेला. मालुबाईनं हातमोजा काढला, टेबलावर ठेवला. दुपारी डबा उघडला नाही. शेजारच्या टेबलावरच्या शालूबाईनं आपल्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा पुढं केला तर म्हणाली, "भूक न्हाय गं." खोकी दुमडायला तिला लाज नव्हती. काम ते काम. पण सैल हाताची म्हणून तिथं बसायचं? त्यापेक्षा उद्यापासून घरीच बसलेलं काय वाईट, असा विचार तिनं केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा केला.

पण गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. डबा तसाच बांधून ती उठली आणि श्रियामॅडमच्या खोलीत गेली.

श्रिया बेळगावची, वकिलाच्या घरातली पोरगी, अन्नशास्त्र शिकलेली. मालाची तपासणी तिच्याकडे. लहानशी, चष्मा, आणि बायांशी बोलताना कधी चढा आवाज नाही. ती स्वतःच तो पुण्याचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती.

"म्याडम, मला अक्षरं येत न्हाईत, आकडं येत्यात. खोक्यावरचं आनि कागदावरचं, सगळं वाचून दावा. नुसती चरबी नगं. सगळं."

श्रियानं खोकं पालथं केलं आणि बोट ठेवत गेली. "चरबी नऊ पूर्णांक तीन, झाली दहा पूर्णांक चार. प्रथिनं दहा, झाली अकरा पूर्णांक दोन. सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, साडेचारशे मिलिग्रॅम, झाला पाचशे चार. कर्बोदकं तीस, झाली तेहतीस पूर्णांक सहा."

"शेवटचं काय म्हनलासा?"

"कर्बोदकं. पिठातलं सत्त्व. मैद्यातनं येतं ते."

"चीजमदी असतंय?"

"नावाला. जवळजवळ नाहीच."

मालुबाई खुर्चीवरनं पुढं सरकली. "मग मैदा बी मीच टाकतो व्हय? माजा हात सैल झाला तर चीज वाढंल, चरबी वाढंल. मैद्याचा आकडा घटाया पायजे. त्यो कसा वाढला?"

श्रियानं परत आकड्यांवरनं बोट फिरवलं. तिला हे सुचायला हवं होतं, आणि तिनं ते तोंडावर कबूल केलं. "आक्का, माझ्या डोक्यातच आलं नाही हो. सगळ्यांनी चरबी चरबी केलं, मीही तेवढंच बघत बसले. सगळंच वाढलंय. सगळंच सारख्या प्रमाणात."

"सगळं वाढलं म्हंजे कायतरी एक कमी झालंय. काय ते सांगू? पाणी." मालुबाईचा आवाज आता परत तिचा झाला होता. "विडीचं पान आदल्या दिवशी भिजवून वल्या फडक्यात गुंडाळून ठेवाय लागतंय. उघडं ऱ्हायलं की वाळतंय. वाळल्या पानाच्या हजार विड्या तोला, वजन कमी भरतंय. तंबाखू मातर तेवढीच. मग किलोमागं तंबाखू जास्ती निघाली म्हनून वळनारीचा हात सैल म्हनायचं? दोन आठवडं झालं, भाकरी हाताला कडक लागाय लागल्यात. मी युवराजला म्हनलं बी. त्यो म्हनला, आक्का, पुण्याची ऑर्डर हाय, भट्टी एकच, आदल्या दिशी भाजून ठेवाय लागतंय."

दोघी मागच्या खोलीत गेल्या. रॅकवर भाकऱ्या उघड्या मांडलेल्या, वर पंखे गरगरतायत. एक भाकरी एकशे सत्तर ग्रॅमची हवी. श्रियानं काट्यावर ठेवली. एकशे अडतीस. दुसरी एकशे चाळीस. तिसरी एकशे सदतीस.

साहेबांना बोलावलं. काट्यावरचे आकडे त्यांनी स्वतः बघितले, पण साहेब ते साहेबच, एक प्रश्न काढलाच. "पण मग शेवटी खोक्यासकट वजन होतं, तिथं तीस ग्रॅमची तूट कशी कळली नाही?"

ह्याचं उत्तर श्रियानं शोधलं. पुण्याच्या खरेदीदाराचं नवं खोकं तिनं रिकामंच काट्यावर ठेवलं, शेजारी जुनं ठेवलं. नव्याचा पुठ्ठा जाड, जवळजवळ तीस ग्रॅमनं जड. काट्यात मात्र जुन्याच खोक्याचं वजन वजा होत होतं. भाकरी जेवढी हलकी झाली तेवढं खोकं जड आलं, आणि दोघांनी मिळून सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली.

साहेब मालुबाईजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "आक्का, चुकलं माझं."

"साहेब," मालुबाई म्हणाली, "सकाळी सगळ्यांच्या म्होरं बोललासा. आता बी सगळ्यांच्या म्होरंच बोला."

युवराजनं जीभ चावली. मॅनेजरला असं कुणी बोललं नव्हतं. पण चिंतामणीसाहेब चालत बाहेर आले, चीजच्या टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालुआक्कांचा हात सैल नाही. माझा अंदाज सैल होता. सोमवारी टेबल त्यांचंच." मग त्यांनी स्वतः तो हातमोजा उचलून तिच्या पुढं धरला. शालूबाईनं पदर तोंडाला लावला. मालुबाईचेही डोळे भरले, पण तिनं ते कुणाला दिसू दिले नाहीत. काढलेला हातमोजा परत घालायचा नाही हा नियम, म्हणून तो बाजूला टाकून तिनं नवा चढवला, मूठ भरली आणि टाकली.

भाकऱ्यांवर त्याच दिवसापासून प्लॅस्टिकची आवरणं आली. नव्या खेपेतले पिझ्झे परत प्रयोगशाळेत गेले आणि कागद आला: चरबी नऊ पूर्णांक तीन. ना कमी, ना जास्त.

त्या खेपेतला एक पिझ्झा साहेबांनी तिला घरी दिला. तीन वर्षं हजारो पिझ्झ्यांवर चीज टाकणाऱ्या बाईच्या घरात पहिला पिझ्झा त्या दिवशी आला. रूपालीनं तव्यावर झाकण ठेवून भाजला. मालुबाईनं एक तुकडा खाल्ला, खर्डा लावून दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "बरा हाय." मग श्रियामॅडमनी सांगितलेलं सुनेलाही सांगितलं: तीनशे ग्रॅमचा अख्खा पिझ्झा एकट्यानं संपवला तर अठ्ठावीस ग्रॅम चरबी पोटात जाते, दोन मोठे चमचे तेल प्याल्यासारखं, आणि दिवसाच्या मिठातलं निम्म्याहून जास्त मीठ. "म्हनून चौघांत एक. आनि रोज न्हाय. आमी करतो म्हनून काय रोज खायाचं न्हाय."

रूपाली रिकामं खोकं चुलीपाशी टाकायला निघाली तशी मालुबाईनं तिचा हात धरला. कात्री मागितली. खोक्याच्या पाठीवरची ती आकड्यांची चौकट नीट कापली आणि भाताचं शीत लावून भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवली.

रविवारी शालूबाई चहाला आली. तिनं भिंतीकडं बघितलं. "ह्ये काय गं लावलंस? ना द्येव, ना फोटो."

मालुबाई उठली, चौकटीजवळ गेली. अक्षरं तिला येत नाहीत, पण बोट बरोबर तिसऱ्या ओळीवर, नऊ पूर्णांक तीनवर गेलं.

"बत्तीस वर्षं विड्या वळल्या, शालू. बंडलावर फोटो मालकाचा," ती म्हणाली. "ह्यो आकडा मातर माजा हाय."